काचेच्या शेगडीवर गोवरी

माझ्या नाकाला वास येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. एका पावसाळ्यात ताप आला, बरेच दिवस राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. नाही आला. बायको होती तोवर मला त्याचं काही वाटलं नाही. घरात तिचं नाक होतं, ते दोघांना पुरत होतं. दूध लागलं, कोठीमागे उंदीर मेला, कोणाच्या वावरात फवारणी चालू आहे, सगळं तीच सांगायची. मग माघात ती गेली. तेव्हा संत्र्याला फूल होतं. तिला पोचवून परत येताना माणसं हळूच बोलून राहिली होती, काय वास सुटला आहे बहाराचा. मी नुसती मान हलवली.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या मशीनवर उभी जिंदगी गेली. लिहायची सवय नाही. बोलतो तसंच लिहून राहिलो.

एकच पोरगी, ती सौंसरला दिलेली आहे. माय गेल्यावर ती सुट्टी पाहून बसनं येत राहिली. वर्षश्राद्ध आटोपलं आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस ती न सांगता आली. मी गॅसवर दूध ठेवून अंगणात लिंबाच्या झाडाला आळं करत बसलो होतो. दूध उतू गेलं, त्यानं बर्नर विझला आणि गॅस तसाच सुटत राहिला. मध्ये एकदा मी घरात जाऊन पाणीसुद्धा पिऊन आलो. मला काही कळलं नाही. ती फाटकातूनच ओरडली, "बाबा, कोणतंच बटन दाबू नका! बाहेरच राहा!" ओढणी नाकाला लावून आत शिरली, सिलेंडर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. मग ओट्यावर येऊन बसली आणि रडली. रडून झाल्यावर माझ्याकडे वळली.

"आज बिडी पेटवली असती म्हणजे?"

"बिडी सोडली मी."

"देवापुढे दिवा तर लावता ना?"

मी हाताला लागलेला आळ्याचा चिखल पुसला.

"सौंसरला चला," ती म्हणाली. "खोली रिकामी आहे. तुमचे जावईच म्हणून राहिले, बाबांना घेऊन या."

"नाही."

"का नाही?"

"इथं आहे ते तिथं नाही."

"इथं काय आहे?"

तुझी माय आहे, असं तोंडावर आलं होतं. बोललो नाही. तिची पण मायच होती ती.

पोरगी मायवर गेलेली आहे. सोडत नाही. संध्याकाळच्या बसपर्यंत घासाघीस चालली आणि शेवटी असं ठरलं. गॅस घरातून जाईल. त्याच्या जागी करंटची शेगडी येईल. नवऱ्याच्या आधी जाणाऱ्या बाईचं पितर आमच्याकडे पितृपक्षातल्या नवमीला असते. त्या नवमीला पोरगी येईल, आणि मायचं जेवण मी एकट्यानं, काही न जाळता, काही न सांडता करून दाखवायचं. जमलं तर मी या घरात राहायचं. नाही जमलं तर त्याच दिवशी तिच्यासंगं बसमध्ये बसायचं.

"कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार. गॅस सुटला होता हे खरंच होतं.

पहिली शेगडी आली ती चालली नाही. तिच्यावर फक्त लोखंडी बुडाचं भांडं चालत होतं. पोरीच्या मायचे गंज, म्हणजे पातेले, सगळे जर्मनचे, ॲल्युमिनियमचे. गंज ठेवला की ती शेगडी टींटीं करून राहायची, जशी काही चोर पकडून राहिली. पोरगी म्हणाली, नवे गंज घेऊ. मी म्हणालो, हे गंज जिथं चालत नाहीत ती शेगडी या घरात चालत नाही. मग ती बदलून दुसरी आणली. वर सपाट काळी काच, बटन दाबलं की काच आतून लाल होते. हिच्यावर कोणतंही भांडं चालते. हिला फक्त बुड सपाट पाहिजे.

वायरमन आला. त्यानं स्वयंपाकघरातला जुना प्लग पाहिला आणि म्हणाला, "काकाजी, याच्यावर मोबाइल चालते, शेगडी नाही चालत." त्यानं मोठा तीन पिनांचा प्लग बसवला. जाड वायर थेट मेनबोर्डातून आणली, मध्ये कुठं जोड नाही. वायर चिकटवून लांब केलेली असेल तर ती तापते आणि भिंतीच्या आतच जळते, हे मला जिनिंगमधून माहीत होतं. मग त्यानं अर्थिंग पाहिली तर घराला अर्थिंगच नव्हती. इतकी वर्षं आम्ही तसेच जगलो. मागे खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरायचं ठरलं. तो संत्र्याच्या झाडाजवळ खणून राहिला होता, मी त्याला पार पलीकडे न्हाणीच्या बाजूला खणायला लावलं. मिठानं झाड गेलं असतं. ते बायकोनं लावलेलं आहे.

जिनिंगमध्ये आम्हाला एक गोष्ट हाडात भरवली होती. कापसात ठिणगी दिसली की आधी बोंब नाही, पाणी नाही, आधी मेन पाडायचा. मशीन थांबली की मग बाकीचं. म्हणून मी वायरमनला म्हणालो, शेगडीचं बटन शेगडीच्या डोक्यावर नको, हात पोचेल असं दाराजवळ दे. म्हणजे आगीवरून हात न्यावा लागणार नाही. त्यानं दिलं.

मग गंजांचं काम काढलं. आमच्या गंजांची बुडं चुलीवर आणि गॅसवर बसून बसून बाहेर आली होती. काचेवर ठेवला की गंज डोलायचा, मध्ये टेकायचा आणि कडेला हवा. दूध तापता तापायचं नाही. मी लाकडाचा ठोकळा आत धरून एकेका गंजाचं बुड मोगरीनं हळूहळू सपाट केलं. मोठ्या गंजाला एका बाजूला एक पोचा आहे. तो तिनं मला फेकून मारला तेव्हाचा. मी वाकलो, गंज भिंतीला लागला. कशावरून भांडण झालं ते आता आठवत नाही, माझंच काही असेल. बुड सपाट केलं. तो पोचा तसाच ठेवला. त्यानं काही अडत नाही.

शेगडी शिकायला मला वेळ लागला. गॅस म्हणजे नोकर. बारीक हो म्हटलं की बारीक होते. ही शेगडी बैलासारखी आहे, थांब म्हटल्यावरही चार पावलं चालतेच. बटन बंद केलं, लाली गेली, काच काळी झाली, तरी ती बराच वेळ चटका देते. पहिल्याच दिवशी मी काळी दिसली म्हणून तिच्यावर तळहात टेकवला. तो बरा व्हायला वेळ लागला. तेव्हापासून सैपाक झाला की मी काचेवर पाण्यानं भरलेला लोटा ठेवतो. लोटा दिसला म्हणजे काच गरम आहे, हात लावायचा नाही. आणि उरलेल्या आचेवर ते पाणी कोमट होते, ते मी चूळ भरायला घेतो. बायको पण विझत्या चुलीवर असंच पाण्याचं भांडं ठेवायची, आच फुकट जाऊ द्यायची नाही. मी तेव्हा म्हणायचो, किती कंजूस बाई आहे.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत, पण एकेक चुकूनच समजली. हात ओला असेल तर आधी पुसायचा. पायात चप्पल पाहिजे. गंजाचं बुड कोरडं पाहिजे, नाही तर थेंब काचेवर चरचरतो. गूळ-साखर सांडली तर लगेच बंद करायची, ती काचेला चिकटून बसते आणि काच खाते. कढईत तेल असताना जागा सोडायची नाही, दारात प्रत्यक्ष व्याही आला तरी. तेल पेटलं तर पाणी नाही, वरून झाकण. म्हणून लोखंडी तवा मी नेहमी हाताशी ठेवत होतो.

पण सगळ्यात मोठी अडचण शेगडीची नव्हती, माझीच होती. वास नाही म्हणून चवही नाही. तोंडाला खारट, आंबट, तिखट एवढंच कळते. म्हणजे बायकोच्या हातची कढी मला करायची होती आणि ती जमली की नाही हे सांगायला माझं तोंड कामाचं नव्हतं. त्यासाठी शेजारची बाई कामी आली. आमची भिंत एकच आहे. ती जाम नदीच्या पलीकडची, सावरगावची लेक. गोटमारीच्या जत्रेच्या दिवशी तिच्या माहेरचे आणि आमच्या इकडचे एकमेकांना दगड मारतात, आणि दुसऱ्या दिवशी ती भिंतीवरून वाटी मागते. माझ्या बायकोला ती बहीण मानायची, म्हणून मला भाऊजी म्हणते. मी काही केलं की वाटीभर भिंतीवरून तिला देत होतो.

"बाई, मीठ कसं आहे?"

"मीठ बराबर आहे. कढी कुठी आहे?"

"तीच तर आहे."

"ही कढी नाही भाऊजी. हे ताकाचं अन् बेसनाचं भांडण होय. दोघं वेगवेगळ्या घरी गेले."

फुटली होती. काच थांबत नाही आणि कढी उकळते, मग फुटते. पुष्कळ ताक वाया गेल्यावर मला युक्ती सापडली. कढीला कडेनं बुडबुडे दिसले की शेगडी बंद करायची, गंज तिथंच ठेवायचा, आणि त्या चार पावलांवरच कढी शिजू द्यायची. सराटा, म्हणजे उलथनं, गोल फिरवत राहायचं. वरून मेथ्या आणि लाल मिरचीची फोडणी. ज्या दिवशी जमली त्या दिवशी बाईनं वाटी परत दिली ती चाटून पुसून.

"आता कशी?"

"आता माह्या बहिणीच्या जवळपास येऊन राहिली," ती म्हणाली. "पण ती मेथ्या कमी टाकत होती."

पोळा झाला, गोटमार झाली, गणपती गेले, पितरपाख लागला. बाईला मी नवमीचं जेवायचं आवतन दिलं, कारण नवमीला सवाष्ण जेवायला लागते. तिचा नवरा धडधाकट आहे, सकाळी फिरायलाही जातो.

नवमीला सकाळपासून झिमझिम पाऊस. मी उजाडताच लागलो. तांदळाची खीर आधी केली, ती गाळलेल्या दुधात, सारखं हलवत. मग कोहळ्याची भाजी, भात, पोळ्या. मग कढी. वडे शेवटी, सपाट बुडाच्या कढईत, थोडं थोडं तेल घेऊन. काही जळलं नाही, काही सांडलं नाही. पोरगी सकाळच्या बसनं निघाली असा फोन आला तेव्हा माझं सगळं झालं होतं. फक्त आगारी राहिली होती.

आगारी म्हणजे पितराचा घास. पेटत्या गोवरीवर तूप सोडायचं, ते भडकलं की त्यावर भात, वडा, खीर, थोडं थोडं ठेवायचं. मग तळहातात पाणी घेऊन त्या विस्तवाभोवती गोल फिरवायचं आणि हात जोडायचे. ज्याच्या नावानं टाकली त्याला ते पोचते असं म्हणतात. पोचते की नाही मला माहीत नाही. पण आमच्या घरात ती कधी चुकली नाही, माझ्या मायबापाची आगारी बायकोनं माझ्यापेक्षा जास्त मनानं टाकली. तिची चुकायला नको होती.

गोवऱ्या मागच्या छपरात होत्या, पावसानं सर्दावल्या होत्या. पूर्वी चूल होती तेव्हा चुलीतला विस्तव काढून घ्यायचो. मग गॅसवर गोवरीचं कोर, छोटा तुकडा, धरायचो. आता गॅस नाही. मी छपराखाली बसून कापूर लावला, कापूर जळून गेला, गोवरी तशीच. अजून लावला. काडीपेटी संपत आली. बसची वेळ होऊन राहिली होती.

घरात आलो. शेगडी चालूच होती, बाईसाठी खीर पुन्हा कोमट करायला ठेवलेली. गंज उचलला तर खाली काच लाल. निखाऱ्यासारखी लाल. मी गोवरीचा तुकडा तिच्यावर ठेवला.

खरं सांगतो, मनात काही विचार आला नाही. इतके महिने हात कोरडा, बुड कोरडं, गूळ सांडू नये, सगळं पाळलं. पण जे लाल आहे ते विस्तव आहे, आणि विस्तव असेल तिथं गोवरी ठेवतात, एवढंच हाताला माहीत होतं. गोवरी धुमसली, मग कडेनं पेटली. मला बरं वाटलं. वाटीतलं तूप सोडलं, भडका झाला. भात ठेवला, वडा ठेवला, खिरीचा चमचा सोडला. तूप काचेवरून पसरलं आणि तेही पेटलं, ते मला तेव्हा दिसलंच नाही. मी तळहातात पाणी घेतलं आणि रिवाजाप्रमाणे आगारीभोवती गोल फिरवलं.

तडकन आवाज झाला. काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेली.

मग मात्र हात जिनिंगचे झाले. मागं सरकून आधी दाराजवळचं बटन पाडलं. मग कोरड्या फडक्यानं प्लग ओढून काढला. पाणी टाकलं नाही. लोखंडी तवा त्या गोवरीवर पालथा घातला आणि उभा राहिलो. डोळ्यांतून पाणी येऊन राहिलं होतं म्हणजे धूर पुष्कळ झाला असेल. मला नुसता दिसत होता.

"बाबा! काय जाळून राहिले?"

पोरगी फाटकात होती. तिला तिथूनच वास आला.

"तुझ्या मायला जेवू घालून राहिलो," मी म्हणालो.

ती आत आली. तवा पाहिला, तव्याखालून येणारा धूर पाहिला, काच पाहिली. छत्री हातातच होती.

"याच्यावर गोवरी ठेवली तुम्ही?"

"लाल होती."

"लाल म्हणजे विस्तव असते का? आतमध्ये करंट आहे बाबा! अन् वरून पाणी?"

"पाणी फिरवलं. फिरवावं लागते."

"काच फुटली, पाणी आत गेलं असतं, तुम्ही चिकटले असते तिथंच. मग मी कोणाची आगारी टाकली असती?"

तिचं बराबर होतं.

"काय ठरलं होतं?" ती म्हणाली.

"ठरलं ते ठरलं. तू बॅग भर."

तिनं छत्री ठेवली आणि खरंच माझी पेटी उघडली. दोरीवर टांगलेली बॅग काढली, सदरे, धोतर, मफलर भराभर भरून राहिली. रागानं घड्या नीट होत नव्हत्या. मी दारात उभा. मधल्या एका सदऱ्याखाली तिच्या मायचं हिरवं लुगडं होतं, ते वर आलं. पोरीचे हात थांबले. तिनं लुगडं उचललं, तोंडाला लावलं, आणि तशीच बसून राहिली.

"येतो का?" मी विचारलं.

तिनं मान हलवली.

"कशाचा?"

"फोडणीचा." पुन्हा हुंगून म्हणाली, "अन् थोडा कापराच्या गोळ्यांचा."

मी ते लुगडं कितीदा तोंडाला लावलं असेल. मला कापडच लागते फक्त. पण अजून येतो, हे ऐकून बरं वाटलं. मला वाटलं होतं, मला येत नाही म्हणजे गेलाच असेल.

"पोट्टे," मी म्हणालो, "मी येतो सौंसरला. कबूल केलं ते केलं. पण आगारी अर्धीच राहिली. तेवढी टाकून घेऊ दे. माय उपाशी नको जायला."

"कशावर टाकता आता?"

ते मला त्याच क्षणी सुचलं. आधी सुचलं असतं तर शेगडी वाचली असती. मी मागच्या छपरातून एक जुनं खापर घेतलं, डोक्यावर पोतं घेतलं आणि शेजारी गेलो.

शेजारच्या बाईकडे आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापते. पूर्वी सगळ्या गल्लीत अशीच पद्धत होती. एकीची चूल विझली तर ती दुसरीच्या दारात खापर घेऊन जायची आणि विस्तव मागून आणायची. कोणी नाही म्हणत नव्हतं. माझी बायको याच दारात यायची. गॅस आल्यावर ते बंद झालं आणि माझ्या डोक्यातूनही गेलं.

"काय भाऊजी," बाई पदर खोचत म्हणाली, "मले जेवाले बोलावलं अन् तुम्हीच मागाले आले?"

"इस्तो पाहिजे. आगारीले."

तिनं माझ्या हातातल्या खापराकडे पाहिलं. हसायची थांबली. चिमट्यानं चुलीतले चांगले दोन निखारे काढले, खापरात ठेवले, वर राख पसरली.

"बहीण यायची अन् निखाऱ्याच्या निमतानं तासभर बसून जायची," ती म्हणाली. "तोवर निखारा विझून जाये. मग दुसरा द्या लागे मले."

"मी बसत नाही."

"नका बसू. पण येत जा."

खापर घेऊन आलो. पाऊस होताच, म्हणून ओट्यावर, वळचणीच्या आत खापर ठेवलं. निखाऱ्यावर गोवरीचं कोर ठेवलं, फुंकलं, ते धरलं. पोरगी हात धुऊन माझ्याबाजूला येऊन बसली. तूप तिनंच सोडलं. भात, वडा, कढीत बुडवलेला पोळीचा तुकडा, खीर. मी पाणी फिरवलं. मातीचं खापर, त्याला पाण्याचं काही नाही.

मग तिघं जेवायला बसलो. बाईला पाटावर, आम्ही खाली. पोरगी अजून रागातच जेवत होती. कढी वाढली, तिनं एक घोट घेतला, मग दुसरा. मग वाटी उचलून तोंडाला लावली.

"कोणी केली ही?"

"मीच," मी म्हणालो. "दुसरं आहे कोण घरात."

"फुटली नाही?"

मी तिला सांगितलं. बुडबुडे कडेला दिसले की बंद करायची, आणि काचेच्या उरलेल्या आचेवर होऊ द्यायची. ती थांबत नाही ना, म्हणून आधीच थांबवायची. बाई मध्येच बोलली, "चार गंज ताक माह्या पोटात गेलं तव्हा शिकले हे."

पोरगी उठली, उष्ट्या हातानंच स्वयंपाकघरात गेली. तिला तिथं काय दिसलं असेल ते मला माहीत आहे. बटन खाली. प्लग बाहेर. तवा पालथा. तेलाची कढई दूर कोपऱ्यात, वर झाकण. परत आली.

"बटन कधी पाडलं?"

"तडकल्याबरोबर."

"तवा?"

"प्लग काढल्यावर."

"पाणी नाही टाकलं?"

"आधीच टाकलं होतं ना, त्यानंच तर फुटली. नंतर नाही टाकलं."

बाई पदर तोंडाला लावून हसली. पोरगीही हसणार होती, पण हसली नाही. बसून उरलेली कढी संपवली.

"मेथ्या जास्त झाल्या," ती म्हणाली.

"बाई पण तेच म्हणते."

दुपारच्या बसला ती निघाली. मी सदरा बदलून, चप्पल घालून दाराशी उभा होतो. बॅग खांद्यावर घ्यायला गेलो तर तिनं ती काढून दाराजवळच्या खुंटीला टांगली.

"नवी शेगडी तुमचे जावई आणून देतील," ती म्हणाली. "वायरमननं पाहिल्याशिवाय लावायची नाही. तोवर बाईकडे जेवा. मी बोलली तिच्याशी. अन् विस्तव लागला की तिच्याकडेच जायचं. शेगडी आणि देव एक करायचे नाहीत."

"नाही करणार."

"गोवरी ठेवाल पुन्हा?"

"येडा आहे का मी?"

"सकाळी होते."

मी बॅगेकडे पाहिलं. "मग हे कपडे काढून ठेवू का पेटीत?"

"राहू द्या भरलेली," ती म्हणाली. "इथंच राहू द्या. पुढच्या खेपेला घड्या कराव्या लागणार नाहीत." आणि लुगडं तिनं आपल्या हातानं पेटीत परत ठेवलं, खाली, जिथं होतं तिथं. फाटकापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मी येईन तेव्हा सांगत जाईन. येतो की नाही ते."

नवी शेगडी आली. वायरमननं पाहिली. पहिल्या दिवशी मी भात टाकला, झाल्यावर बंद केली, वर लोटा ठेवला. फुटकी शेगडी भंगारवाल्यानं नेली. खापर मी धुऊन छपरात पालथं ठेवलं आहे, सणाला लागते. शेजारी गेलो की थोडा बसतोही.

बॅग अजून खुंटीलाच आहे. कपडे तर लागतातच, म्हणून गरज पडेल तसा एकेक काढून घेऊन राहिलो. धुतला की तो पेटीत ठेवतो, बॅगेत परत टाकत नाही. पोरगी येते, बॅगेला हात लावून पाहते. मग पेटी उघडून लुगडं तोंडाला लावते आणि म्हणते, येतो. आता बॅगेत मफलर तेवढा राहिला आहे. थंडी पडली की तो काढीन.